सुट्टीवर आलेल्या फौजीला विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगेला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरातून माणसं फौजेत जातात. अशा गावांत सीमेवरच्या गोळीची धास्ती सगळ्यांनाच असते. आत्महत्येचं नाव मात्र कुणी काढत नाही.

सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांतल्या ७३० जवानांनी पाच वर्षांत आपलं आयुष्य संपवलं, असं गृह मंत्रालयानं डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेत सांगितलं. त्यातल्या बहुतेक घटना सुट्टीवरून परत गेल्यानंतरच्या होत्या. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. सुट्टी म्हणजे विसावा, असं आपण धरून चालतो ना!

प्रत्यक्षात काय होतं? जवान घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सातबारा, मोजणीची नोटीस, जुन्या पावत्या एका पिशवीत घालून तलाठ्याकडे जातो. भावानं बांध कोरलाय. बहिणीचं लग्न ठरत नाही. बायको वर्षभराचं साठलेलं बोलते, आई तिचं वेगळंच सांगते. तेवढ्यात रजा संपते. एकही प्रश्न सुटलेला नसतो आणि तो गाडीत बसतो.

युनिटमध्ये बोलावं, तर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीचा दर्जा, खाली जाईल, प्रमोशन अडेल ही भीती. पेन्शनवर आलेल्यांचं दुखणं निराळं. सैन्यात चाळिशीच्या आतबाहेर वर्दी उतरते. पहाटे पाचला दाढी करून माणूस तयार होतो, पण जायचं कुठेच नसतं. मग सिक्युरिटीची नोकरी, दारू, अबोला.

घरातला फौजी गप्पगप्प राहू लागला, झोपेनासा झाला, 'माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही' असं बोलू लागला, तर जवळ बसा आणि सरळ विचारा : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका.

आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्यांचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. फोन फौजीनंच करायला हवा असं नाही. बायकोनं, आईनं, शेजारच्या मित्रानं केला तरी चालतो.