चुंबनाचे सेकंद मोजू नका

नमस्कार मंडळी. पंखा बंद करून बसलेय, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते, आणि सोलापूरचा मे महिना काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. म्हणून थेट सुरू करते.

सिनेमातल्या गाजलेल्या चुंबनांवर बोला, असं तुम्ही कधीपासून विचारायलात. सध्या ती रील पण फिरायलीय, एकेक सिनेमा आणि कोपऱ्यात टायमर. हा बारा सेकंदांचा, हा वीसचा, हा मिनिटभराचा. आणि माझ्याकडे दर दोन दिवसांनी एक कमेंट ठरलेली: "ताई, भारतातलं पहिलं चुंबन चार मिनिटांचं होतं, 1933 सालचं, ते घ्याच."

घेते. आधी सगळ्यांना माहीत असलेलं भराभर उरकू. पडद्यावरचं पहिलं गाजलेलं चुंबन 1896 चं, एडिसनच्या कंपनीनं टिपलेलं, मे अर्विन आणि जॉन राइस. 1898 मध्ये शिकागोत सेंट सटल आणि गर्टी ब्राउन या कृष्णवर्णीय जोडीचं. ती फिल्म शंभरहून जास्त वर्षं विस्मरणात होती, 2017 मध्ये पुन्हा उजेडात आली. ती नक्की बघा, दोघं हात धरून इतकी मनापासून हसतात की बघणाऱ्याला बरं वाटतं. 1953 मध्ये 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी'त हवाईच्या किनाऱ्यावर लाटांमध्ये बर्ट लँकेस्टर आणि डेबोरा कर. 1955 मध्ये 'लेडी अँड द ट्रॅम्प'मधली डिस्नेची दोन कुत्री, एकाच शेवईची दोन टोकं तोंडात. हा सीन ठेवायला वॉल्ट डिस्नेच आधी तयार नव्हता. 2002 मध्ये उलटा लटकलेला स्पायडर-मॅन, वरून पाऊस, आणि टोबी मॅग्वायरच्या नाकात पाणी चाललेलं. झालं. ही यादी तुम्हाला कुठंही मिळेल.

मला बोलायचंय ते सेकंदांबद्दल.

त्या 1896 च्या फिल्मकडेच परत चला. सगळी मिळून साधारण अठरा सेकंदांची. टायमरवाली रील म्हणते, अठरा सेकंदांचं चुंबन. अहो, बघा तरी! बहुतेक वेळ ती दोघं गालाला गाल लावून बोलत असतात. आवाज नाही, काय बोलतात कळत नाही. मग तो जरा मागं सरकतो, दोन्ही हातांनी मिशी नीट करतो, आणि मग. मिशी नीट करणं, तिथं आपला जीव अडकतो. पुढचं एका क्षणात संपतं.

आपल्या भाषेत चुंबनाला मुका म्हणतात, आणि बोलू न शकणारा तोही मुकाच. हा व्हिडिओ लिहिताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की सिनेमातला पहिला मुका खरोखर मुका होता. मला हे फार आवडलं, म्हणून सांगितलं.

आता 1933. सिनेमा 'कर्मा', देविका राणी आणि हिमांशू राय, खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको. चार मिनिटं, चार मिनिटं असं जे सगळे एकमेकांचं बघून लिहितात, त्यांनी तो सीन बघितलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सलग चार मिनिटांचं चुंबन त्यात नाहीच. आणि पहिलं तर नाहीच नाही. हिमांशू राय यांच्याच 1929 च्या 'प्रपंच पाश' या मूकपटात सीता देवी आणि चारू रॉय यांचं चुंबन आहे. पण मला राग येतो तो आकडा चुकला म्हणून नाही. राग येतो तो त्या आकड्यानं सीन झाकून टाकला म्हणून. 'कर्मा'च्या त्या सीनमध्ये काय चाललंय माहितीये? त्याला साप चावलाय. तो बेशुद्ध पडलाय. तो जाणार असं तिला वाटतंय आणि ती रडत रडत, परत परत त्याच्या तोंडाशी जातेय, त्यानं डोळे उघडावेत म्हणून. ही प्रेमाची मौज नाही, हा आकांत आहे. तिला उत्तर देणारं कुणी नाही तिथं. आणि आपण काय लक्षात ठेवलं? चार मिनिटं.

इथं एका काकांची कमेंट घेते. ते लिहितात, हे सगळं आपल्या संस्कृतीत नव्हतं, बाहेरून आलं. काका, तुम्ही चिडून लिहिलेलं नाही, मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून सांगते. 1929 आणि 1933 ची उदाहरणं आत्ताच दिली. स्वातंत्र्यानंतर सेन्सॉर जास्त कडक झालं, आणि मग पडद्यावर चुंबनाऐवजी दोन फुलं एकमेकांना टेकायला लागली. 1968 मध्ये सरकारनं न्यायमूर्ती खोसला यांची समिती नेमली, तिनं 1969 च्या अहवालात सांगितलं की कथेची गरज असेल तर चुंबन चालावं. म्हणजे हा वाद आपला आपल्याशीच होता, पन्नासेक वर्षांपूर्वीच. आणि फुलांना मी नावं ठेवणार नाही. काही फुलं फार सुंदर टेकलीत.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. 1946, हिचकॉकचा 'नटोरियस', इन्ग्रिड बर्गमन आणि केरी ग्रँट. तेव्हा हॉलिवूडला हेज कोड नावाची नियमावली होती, 1934 पासून कडक राबवली जायची. लांबलचक, वासनेनं भरलेलं चुंबन नको म्हणायची. व्यवहारात तीन सेकंदांपलीकडे जायचं नाही असा दंडक. हिचकॉकनं काय केलं? तीन सेकंद झाले की ओठ बाजूला. मग बोलणं. मग परत. सगळा सीन अडीच मिनिटांच्या आसपास. आणि बोलतात काय? जेवायला बाहेर नको, मी घरीच चिकन करते. भांडी कोण घासणार. मध्येच तो फोन लावतो, आणि फोनवर बोलतानाही ती त्याच्या गळ्यातून हात काढत नाही. बाल्कनीतून दारापर्यंत दोघं तशीच चिकटून चालत जातात.

लोक म्हणतात, बघा कसं सेन्सॉरला गंडवलं. असेल. पण मला वाटतं, त्या अडवणुकीतून सगळ्यात खरा सीन निघाला. ज्यांचं नवीन नवीन लग्न झालंय त्यांनी सांगावं: माणसं अशीच नसतात का? अर्धं प्रेम आणि अर्धं संध्याकाळच्या स्वयंपाकाचं. आता लावा टायमर. तीन म्हणणार की दीडशे?

तिसरी गोष्ट माझ्या घरातली. 1996, 'राजा हिंदुस्तानी'. मी बारा वर्षांची. आई, मावशी आणि मी, दुपारचा शो, बाल्कनी, भाजलेल्या शेंगांची पुडी आईच्या मांडीवर. तो पावसाचा सीन आला. झाडाखाली आमिर खान आणि करिश्मा कपूर. सबंध बाल्कनीत शेंग फोडल्याचा आवाज बंद झाला. आणि आई खाली वाकली. चप्पल शोधायला. चप्पल तिच्या पायातच होती. ती वाकलेली राहिली, हात खुर्चीखाली फिरत राहिला, आणि सीन संपून पडद्यावर दुसरं काहीतरी सुरू झालं तेव्हा वर आली. मावशीनं पुडीतली शेंग घेतली. कुणी काही बोललं नाही.

ते दृश्य उटीत चित्रित झालं. फेब्रुवारीतली थंडी, वरून पाणी, तीन दिवस लागले, आम्ही गारठलो होतो, असं करिश्मा कपूरनं नंतर सांगितलंय. मी परवा आईला विचारलं, तुला तो सीन आठवतो का गं? म्हणाली, "पाऊस किती होता त्यात! आणि ती बिचारी कशी कुडकुडत होती." ऐकलंत? जिनं तो सीन बघितलाच नाही, तिला तो आठवतो. पाऊस आठवतो, त्याच्या आधीची वीज आठवते, त्या पोरीचं भिजणं आठवतं. वाकायच्या आधी जेवढं दिसलं तेवढं. आणि तेवढ्यात सगळं आलेलं होतं.

म्हणून जेव्हा कुणी सेकंद कापतं तेव्हा मला कळत नाही की नेमकं काय कापलं. 2015 मध्ये जेम्स बाँडच्या 'स्पेक्टर'मधली चुंबनं आपल्याकडे निम्मी केली. 2025 मध्ये 'सुपरमॅन'मधलं 33 सेकंदांचं चुंबन काढलं. 33 सेकंद म्हणजे किती, ते मला फुटांत कळतं, कारण माझे मामा टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते.

सोलापूरला सिनेमाचं वेड जुनं. भागवत टॉकीजच्या आवारात एकाशेजारी एक पडदे, मराठी, हिंदी, आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्यांसाठी तेलुगू सिनेमे. मामा कुठल्या टॉकीजला होते ते राहू दे. पण केबिनमध्ये मी बसलेय. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रं पळते. एका फुटात सोळा चित्रं. म्हणजे एक सेकंद दीड फूट, आणि 33 सेकंद म्हणजे साडेएकोणपन्नास फूट, 792 चित्रं. प्रिंट तुटली की मामा फाटलेली चित्रं ब्लेडनं कापायचे, कडेचा थर खरवडायचे, फिल्म सिमेंटचा एक थेंब, दाबून जॉइंट. इतकं झटपट की खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या आत पडदा परत उजळायचा. कापलेले तुकडे डब्यात. ते गल्लीतली पोरं न्यायची, बल्बसमोर धरून भिंतीवर पाडायची.

तुमच्यापैकी खूप जणांनी 'सिनेमा पॅराडिसो' सुचवलाय, 1988 चा इटालियन सिनेमा. बरोबर सुचवलाय. गावचा पाद्री आधी एकटा सिनेमा बघतो, चुंबन आलं की घंटी वाजवतो, ऑपरेटर अल्फ्रेडो तेवढा भाग कापतो. शेवटी ते सगळे कापलेले तुकडे जोडलेलं एक रीळ, अल्फ्रेडोच्या केबिनमध्ये वाढलेल्या आणि आता मोठ्या झालेल्या मुलाला मिळतं आणि तो एकटा बसून बघतो. आता एकानं मला बरोबर पकडलंय. तो विचारतो, "ताई, तुम्ही म्हणता आधीचा क्षण महत्त्वाचा. मग त्या रिळात तर नुसती चुंबनंच आहेत, आधीचं काहीच नाही, तरी आपण का रडतो?"

या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले. माझं उत्तर असं: आधीचं आहे ना. आधीचे दोन तास आहेत. ती घंटी, ते केबिन, ती आग, तो म्हातारा. ते रीळ आज कुणी मोबाइलवर तुम्हाला वेगळं पाठवलं तर तुम्ही अंगठ्यानं पुढं ढकलाल. ती टायमरवाली रील तेच तर करते.

(टेबलावरचा डबा उघडून)

हे बघा. मामा गेल्यावर मामीनं दिलं. आठ चित्रं आहेत, अर्धा फूट, म्हणजे एका सेकंदाचा तिसरा भाग. कडेची दोन भोकं फाटलीत, म्हणूनच कापलं असणार. रंग उडून सगळं लालसर झालंय. एक बाई, एक पुरुष, चेहरे जवळ. पहिल्या चित्रात तिचे डोळे उघडे आहेत. पाचव्यात अर्धे. आठव्यात मिटलेत. ओठ एकाही चित्रात टेकलेले नाहीत. लहानपणी मामांच्या डब्यातला हाच तुकडा मी पोरांना दाखवला तेव्हा कुणी बदल्यात एक गोटी पण देईना, ह्यात काहीच नाही म्हणे.

सिनेमा कुठला ते मला शोधायचंय. आईला दाखवला. तिनं खिडकीपाशी जाऊन, चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "पाऊस नाही ह्यात." तुमच्यात जुन्या प्रिंट बघितलेली माणसं आहेत, ऑपरेटर आहेत, त्यांनी मदत करा. तिच्या कानात लांब झुमका आहे आणि मागं जाळीची खिडकी. थांबा, दिव्याजवळ धरते, फोकस होऊ दे.