तांब्यात लिटर किती?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्याच्या बाकावर एक दृश्य हमखास दिसतं. आईच्या मांडीवर मलूल झालेलं लेकरू आणि शेजारी पिशवी सांभाळत बसलेली आजी. जुलाब कालपासून, उलटी सकाळपासून. मी विचारतो, "ओआरएस दिलं का?" आजी ठसक्यात म्हणते, "दिलं की! जलसंजीवनीची पुडी आशाताईंनीच आणून दिली." ओआरएस म्हणजेच जलसंजीवनी, जुलाबात पाण्यात कालवून पाजायची मीठ-ग्लुकोजची पुडी.

अशाच एका आजींना मी पुढचा प्रश्न विचारला, "किती पाण्यात घातली?" म्हणाल्या, "अर्धी पुडी फुलपात्रात कालवली. अर्धी संध्याकाळी घालीन. एवढंसं पोर, लिटरभर पाणी कुठं पिणार? वाया कशाला घालवायची?"

आता हिशेब करू. पुडी होती एक लिटरची, म्हणजे अर्ध्या पुडीला अर्धा लिटर पाणी हवं. फुलपात्रात मावलं जेमतेम दोनशे मिली. म्हणजे ते पाणी हवं त्यापेक्षा अडीच पट खारट झालं. पोराची तहान भागेना, किरकिर थांबेना आणि जुलाब वाढलेले. आजींची माया खरी होती, काटकसरही खरी होती. चुकलं ते फक्त माप.

आपल्या स्वयंपाकघरात सगळा कारभार अंदाजाचा. भाताला पाणी बोटाच्या पेरानं, आमटीत मीठ चिमटीनं. आणि जमतंही ते, हाताला सवय असते. पण ओआरएसच्या बाबतीत हे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. का, ते सांगतो.

जुलाबात आतडं पाणी बाहेर टाकत असतं. अशा वेळी नुसतं पाणी पाजलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. पण आतड्याच्या अस्तरात एक वाट अशी आहे, जिथून मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी असते. मात्र साखर जास्त झाली, तर उलटा प्रकार होतो. शरीरातलंच पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं, तर ते रक्तात चढतं आणि लहान मुलाला झटकेही येऊ शकतात. उलट, फार पातळ केलं तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. म्हणून लिटरच्या पुडीत ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम असं काट्यावर तोलून भरलेलं असतं. हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २००२ मध्ये ठरवलं. त्याआधीचं मिश्रण याहून दाट होतं.

हे तोलणं किती मोलाचं आहे, ते १९७१ साली दिसलं. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं थैमान घातलं होतं. सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पिशव्या कोलकात्यात वजन करून भरून घेतल्या. छावणीत ते मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तोवर शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. चिखलात, गर्दीतही त्या माणसांनी वजनकाटा सोडला नव्हता, हे मला त्या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं. डॉ. महालनबीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

तर आपण घरी काय करायचं? आधी पुडीवर वाचा, ती लिटरची आहे की २०० मिलीची. दोन्ही मिळतात आणि घोळ तिथंच होतो. हात धुवा. पाणी उकळून गार केलेलं असावं. जेवढं लिहिलंय तेवढं मोजून घ्या आणि अख्खी पुडी एकदम घाला. वरून साखर, मीठ, लिंबू, सरबत काही नको. दुधात तर मुळीच नको. कालवल्यावर उकळू नका. झाकून ठेवा आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. हो, ओतूनच द्या. त्या आजींना हेच पटत नव्हतं. पुडी स्वस्त आहे हो, आणि सरकारी दवाखान्यात फुकटच मिळते.

दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. चमच्याचमच्यानं पाजा. ओकलं तर दहा मिनिटं थांबा, पुन्हा आणखी सावकाश द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. वरचं खाणाऱ्या मुलाला मऊ भात, पेज, ताक द्या. "पाणी दिलं की जुलाब वाढतात" म्हणून उपाशी-तहानेलं ठेवणं ही जुनी खोड अजून गेलेली नाही. ओआरएस जुलाब थांबवत नाही, शरीर सुकू देत नाही. जुलाब थांबेनात म्हणून ते सोडू नका आणि जुलाब बांधणारी गोळी मुलाला तर देऊच नका. सोबत झिंकची गोळी असते. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. बरं वाटलं तरी पुरे चौदा.

दुकानातल्या गोड पेयांना मात्र फसू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी अनेक वर्षं झगडत होत्या. दुकानात औषधी पुडीच मागा.

पुडी नसेलच तर लिटरभर पाण्यात साखर सपाट सहा छोटे चमचे, मीठ त्याच छोट्या चमच्यानं सपाट अर्धा चमचा. शीग नको. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर टाकून पुन्हा करा.

आणि मूल सुस्त पडलं, पिईना, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी सावकाश बसते, लघवी होत नाही, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. शुद्धीत असेल आणि गिळत असेल तर वाटेत घोट-घोट पाजत न्या. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या मोठ्या माणसांनी किती प्यायचं, ते डॉक्टरांना विचारावं.

आज जेवणं आटोपल्यावर एक काम करा. पाण्याची लिटरची रिकामी बाटली घ्या, घरातला रोजचा तांब्या घ्या आणि बाटलीत किती तांबे मावतात ते मोजून ठेवा. त्या आजींच्या घरी सव्वा तांब्या निघाला.

नमस्कार.