माऊसचं कवच बदलताना

मंडळी, माऊस गेला म्हणून आपण तो बाजूला टाकतो, तेव्हा पुष्कळदा गेलेलं असतं ते फक्त त्याचं कवच. आतला बोर्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेली पाटी, शाबूत असतो, हालचाल टिपणारा सेन्सर काम करत असतो. वरचं डावं बटण मात्र मुळाशी तडकलेलं असतं, नाहीतर तळातला स्क्रूचा खांब फुटलेला असतो आणि दोन्ही अर्धुकं एकमेकांना धरत नाहीत. असा माऊस दुरुस्त होतो. जुन्या कवचातलं सगळं काढायचं आणि नव्या कवचात बसवायचं. ऐकायला हे उशीचा अभ्रा बदलण्याइतकं सोपं वाटतं, पण तसं नाही. अभ्रा सैल असला तरी उशीचं काही बिघडत नाही. माऊसचं कवच अर्ध्या मिलिमीटरने चुकलं, तर माऊस चालेनासा होतो. कवच हा त्या यंत्राचा एक भाग आहे, वरचं वेष्टण नव्हे. आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे, आणि दुरुस्तीच्या सगळ्या सूचना त्यातूनच निघतात.

पहिल्या माऊसपासूनच हे असं आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तो तयार केला, तेव्हा त्याचं कवच लाकडी होतं. खाली धातूची दोन चाकं होती, एकमेकांशी काटकोनात बसवलेली. एक चाक आडवी हालचाल मोजायचं आणि दुसरं उभी. तो काटकोन जागच्या जागी धरून ठेवायचं काम त्या लाकडी ठोकळ्याचं होतं. ठोकळ्यातली जागा तिरकी कोरली गेली असती, तर पडद्यावरची खूणही तिरकी गेली असती. पुढे चाकांऐवजी रबरी गोळी आली, मग गोळी जाऊन प्रकाश आला, लाकडाच्या जागी प्लॅस्टिक आलं. भाग नेमक्या जागी धरून ठेवण्याची कवचाची जबाबदारी मात्र कमी झाली नाही, उलट वाढली.

आजचा माऊस कसा चालतो ते थोडक्यात पाहू. तळाच्या भोकातून एक बारीक दिवा किंवा लेसर पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकतो. वर बसलेला सेन्सर एका छोट्या भिंगातून त्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो घेतो आणि लागोपाठच्या फोटोंची तुलना करून माऊस किती व कुठे सरकला ते काढतो. भिंग आलं की अंतर आलं. अनेक प्रचलित सेन्सरांच्या माहितीपत्रकांत भिंगाच्या संदर्भ-पातळीपासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर २.४ मिलिमीटर दिलेलं असतं आणि सूट असते ती वर-खाली ०.२ मिलिमीटरची. हे अंतर कशाने ठरतं? कवचाच्या तळाची जाडी, बोर्ड ज्या खांबांवर टेकतो त्यांची उंची, आणि तळाला चिकटवलेल्या गुळगुळीत टेफ्लॉनच्या पट्ट्यांची जाडी, या तिघांनी. त्या पट्ट्यांना आपण माऊसचे पाय म्हणतो. जुने झिजलेले पाय काढून जास्त जाड पाय लावले तरी सेन्सर वर उचलला जातो. बाण अडखळतो, काही पृष्ठभागांवर थांबतोच. माणूस सेन्सरला दोष देतो आणि बिघाड खाली पायांत असतो.

उंचीइतकाच महत्त्वाचा आहे कोन, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. नव्या कवचात बोर्ड दोन-तीन अंशांनी फिरून बसला तर हात सरळ रेषेत गेला तरी बाण तिरका जातो. आपलं मनगट नकळत ते सावरून घेतं आणि संध्याकाळी दुखतं. कारण शोधूनही सापडत नाही. सेन्सर पुढे-मागे सरकला तरी फरक पडतो. मनगट टेबलावर टेकवून फिरवणाऱ्या माणसाच्या हाताखाली पुढे बसवलेला सेन्सर मोठा कंस काढतो, मागे बसवलेला लहान. म्हणजे सेटिंगमध्ये वेग तोच ठेवूनही माऊस हाताला वेगळा लागतो.

आता बटणाकडे येऊ, कारण कवच सर्वांत जास्त तिथेच मोडतं. क्लिकचा आवाज बटणातून येत नाही. बटणाखाली बोर्डवर एक छोटा चौकोनी मायक्रोस्विच असतो आणि त्यात धातूचं एक लवचीक पातं असतं. ते पातं टक्कन उलटतं, तोच हा आवाज. बटणाच्या पोटाला प्लॅस्टिकचा एक लहानसा उंचवटा असतो, तो स्विचच्या टोकाला दाबतो. बऱ्याच माऊसमध्ये बटण आणि वरचं कवच एकाच तुकड्याचं असतं. पुढचा भाग फटीने वेगळा केलेला असतो आणि दाबल्यावर प्लॅस्टिकच वाकतं. हे वाकणं लाखो वेळा होतं, आणि मुळाशी तडा जातो. काही माऊसमध्ये बटणं स्वतंत्र असतात, त्यांच्या बिजागरीची पिन मोडते. पोटातला तो उंचवटाही झिजतो. स्विचच्या टोकाने त्यात खळगा पडतो, बटण आधी थोडं पोकळ खाली जातं आणि मग क्लिक होतं.

म्हणून कवच मागवण्याआधी रोग नक्की करा. माऊस उघडा, वरचं झाकण बाजूला ठेवा, केबल जोडलेली असू द्या आणि प्लॅस्टिकच्या काडीने थेट स्विच दाबून पाहा. स्विच स्वच्छ वाजला आणि एका दाबाला एकच क्लिक पडला, तर दोष कवचात आहे. एका दाबाला दोन क्लिक पडत असतील तर स्विचच्या आतली धातूची टोकं खराब झाली आहेत. तिथे नवं कवच घालून काही उपयोग नाही, स्विच काढून नवा डागावा लागेल. उंचवट्यात नुसता खळगा पडला असेल तर तिथे पातळ टेपचा छोटा तुकडा चिकटवला तरी काम भागतं. आणि नुसतं चिकट झालेलं कवच बदलायची घाई करू नका. पुष्कळ माऊसवर रबरासारखा मऊ लेप असतो, तो बहुधा पॉलियुरेथेनचा. हवेतला ओलावा आणि हाताचा घाम यांनी त्याची रासायनिक साखळी तुटत जाते आणि तो चिकट होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने तो पुसून निघतो, खालचं प्लॅस्टिक धड असतं. तिथे ॲसिटोन मात्र वापरू नका. माऊसचं कवच सहसा एबीएस प्लॅस्टिकचं असतं आणि ॲसिटोन एबीएस विरघळवतं. हाच गुण तडा सांधायला उपयोगी पडतो. एबीएसचे बारीक तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली खळ फुटलेल्या खांबाला लावली की सांधा एकजीव होतो. झटपट चिकटणारा गोंद स्विचपासून दूर ठेवा. त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, आणि थेंब स्विचमध्ये उतरला तर स्विच गेला.

उघडण्याबद्दल. वायरलेस माऊस असेल तर आधी बंद करा आणि बॅटरी निघत असेल तर काढा. स्क्रू दिसत नाहीत म्हणून कवच ताकदीने उचकटू नका. स्क्रू बहुतेक वेळा पायांखाली किंवा लेबलखाली लपवलेले असतात. हे लपवणं मला मनापासून खटकतं. दिसायला चांगलं म्हणून स्क्रू झाकायचे आणि दुरुस्ती करणाऱ्याने पाय फाडल्याशिवाय आत जाऊ नये अशी रचना करायची, ही ग्राहकाची सेवा नव्हे. असो. लेबलवरून बोट दाबत फिरवलं की जिथे खड्डा लागतो तिथे स्क्रू असतो. पाय सोडवताना हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या, मग पातळ पात्याने एका कडेने हळूहळू उचला. वाकले तर नवे लावा, वाकलेले पाय पुन्हा सपाट बसत नाहीत. स्क्रू निघाल्यावरही झाकण अडलं तर समोर किंवा कडेला प्लॅस्टिकचे हुक आहेत असं समजा. आणि अर्धुकं एकदम लांब ओढू नका. वरच्या भागातली बाजूची बटणं किंवा बॅटरी एका चपट्या फितीने खालच्या बोर्डाला जोडलेली असते. फितीच्या सॉकेटला बारीक खटका असतो. तो आधी उचलायचा, मगच फीत सरकवायची. आत चिकटवलेली लिथियमची बॅटरी असेल तर ती टोकदार वस्तूने खरवडायची नाही, फुगलेली असेल तर तिला वाकवायचंही नाही.

बोर्ड उचलताना सगळ्यांत जास्त फसवतं ते भिंग. ते बोर्डाला चिकटलेलं असेल असं आपण धरून चालतो. पुष्कळ माऊसमध्ये तो पारदर्शक तुकडा तळाच्या खुंट्यांवर नुसता ठेवलेला असतो. बोर्ड उचलला की तो जुन्या कवचातच राहतो, कधी निसटून पडतो, आणि नव्या कवचात सगळं बसवून झाल्यावर माऊस आंधळा असतो. त्यामुळे बोर्ड निघाला की सर्वांत आधी भिंग पाहा, ते कुठल्या बाजूने बसलं होतं त्याचा फोटो काढा, आणि कडांनीच धरा. स्क्रोलच्या चाकाचाही फोटो काढा. काही चाकांचा षटकोनी दांडा एन्कोडरच्या, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या भागाच्या, भोकात जातो, काही चाकांच्या खाचा दिवा आणि प्रकाशग्राहक यांच्यामधून फिरतात. दोन्हींची बसण्याची रीत वेगळी असते.

नवं कवच तीन मार्गांनी मिळतं. तयार सुटं कवच, त्याच मॉडेलचा बोर्ड गेलेला माऊस, किंवा त्रिमितीय छपाई. पहिल्या दोघांत एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे बोर्डावर छापलेला क्रमांक. मॉडेलचं नाव तेच असूनही उत्पादक मधल्या काळात बोर्ड बदलतात, आणि मग भोकं जुळत नाहीत किंवा बॅटरीचा कप्पा आडवा येतो. छापलेलं कवच हा मला सर्वांत आवडणारा मार्ग, पण तिथे विचार जास्त लागतो. थरांवर थर देऊन छापलेली वस्तू थरांच्या सांध्यांवर कमजोर असते. बटणाचं वाकणं त्या सांध्यांना उघडणारं असेल तर बटण लवकर मोडतं. म्हणून थर बटणाच्या लांबीच्या दिशेने जातील अशा तऱ्हेने ते आडवं ठेवून छापायचं. पीएलए हे प्लॅस्टिक छापायला सोपं, पण साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीत राहिलेलं पीएलएचं कवच वेडंवाकडं होऊ शकतं. पीईटीजी प्लॅस्टिक किंवा पावडरपासून लेसरने भाजलेलं नायलॉन जास्त टिकतं. वायरलेस माऊसचं कवच धातूचं करू नये आणि त्यावर धातूचे कण असलेला रंगही देऊ नये. अँटेना बोर्डावरच रेघेसारखी असते आणि धातू तिचा संदेश अडवतो.

छपाईमुळे एक मोठी गोष्ट साधते. कारखान्यातला साचा एका सरासरी हातासाठी बनतो. ज्याचा हात लहान आहे, ज्याच्या बोटांचे सांधे आखडले आहेत, जो डावखुरा आहे, त्याच्यासाठी तोच बोर्ड वेगळ्या कवचात घालता येतो. अशा माणसाला हाताशी जुळणारा माऊस मिळतो, तेव्हा त्याचं काम करण्याचं बळ वाढतं. ही दुरुस्ती आपण शिकावी असं मला वाटतं, त्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

बसवताना स्क्रू थेट आवळू नका. ते प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडणारे असतात. भोकात ठेवून आधी उलट दिशेने हळू फिरवा. एक बारीक खटका जाणवला की स्क्रू जुन्या आट्यांत उतरला, मग सरळ फिरवा. नव्या आट्यांनी जुने आटे कापले गेले की खांब सैल होतो किंवा फुटतो. सगळे स्क्रू आधी अर्धे लावा, मग एकेक घट्ट करा, आणि हाताला विरोध जाणवला की थांबा. पाय चिकटवण्याआधी माऊस एकदा जोडून बघा. एक पट्टी टेबलावर ठेवा, माऊसची कड तिला टेकवून सरळ ओढा आणि पडद्यावर बाण आडव्या रेषेत जातो का ते पाहा. तिरका जात असेल तर पुन्हा उघडा आणि बोर्ड सरळ करा. उंची मात्र पाय लावल्यावरच खरी कळते, म्हणून पाय लावल्यावर कागदावर, लाकडावर आणि कापडावर फिरवून पाहा.

जुनं कवच लगेच टाकू नका. खांबांमधली अंतरं, तळाची जाडी, बटणाच्या उंचवट्याची उंची, सेन्सरच्या भोकाची जागा, हे सगळं व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. उत्पादक या मापांचे नकाशे सहसा देत नाहीत, तेव्हा मोडलेलं कवच हाच आपल्याकडचा एकमेव नकाशा असतो. त्यावरून कुणी छपाईची फाइल बनवली तर ती सगळ्यांसाठी खुली ठेवा, आणि फाइलसोबत बोर्डाचा क्रमांक न विसरता लिहा.