वजन नॉर्मल, मग शुगर कशी काय?

नमस्कार मंडळी! कमिटीनं मला जेवणाच्या आधी उभं केलंय, शुगरवर बोलणारा माणूस जेवणानंतर कोण ऐकणार, बरोबरच आहे त्यांचं.

आपल्यातल्या ज्येष्ठांना काही सांगायला गेलं की एकच उत्तर, "मी कुठं जाडा हाय? मला काय हुतंय?" आता ऐका. आपण राहतो त्या या अमेरिकेत २०१० पासून 'मसाला' नावाचा अभ्यास चालू आहे, नाव खरंच तेच आहे, मस्करी नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातली आपल्यासारखी दक्षिण आशियाई मंडळी, सुरुवातीला वय ४० ते ८४. त्यांच्यात डायबेटिस निघाला साधारण २३ टक्के, आणि वय सारखं धरून तुलना केली तर गोऱ्यांच्यात ६, चिन्यांच्यात १३, लॅटिनोंच्यात १७, काळ्यांच्यात १८. त्यात आपली माणसं गोऱ्यांपेक्षा वजनाला हलकी, सिगारेट ओढणारेही कमी, तरी ही गत!

याचं एक कारण आपल्या पुण्यातूनच जगाला कळलं. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सेम, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१. म्हणजे काटा गप्प बसतो आणि चरबी पोटात बसते. म्हणून २०१५ पासून इथल्या अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ बीएमआयलाच शुगर तपासा असं सांगितलंय. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८०, त्याच्या वर गेली की सावध व्हायचं. डॉक्टरनं नाही काढलं तर आपण विषय काढायचा, लाजायचं काय त्यात.

पण सगळं रक्तावर ढकलू नका हं, "आमच्या घराण्यातच शुगर आहे" म्हटलं की पेढ्याला परवानगी मिळते तसलं. काळ्या लोकांच्या बीपीचंच बघा. १९९७ च्या एका अभ्यासात पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियनमध्ये २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के लोकांना हाय बीपी होतं. मूळ एकच, पण राहणं, खाणं, वजन, मीठ, सगळं बदललं की आकडा दुप्पट.

आता आपलं बघा. कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिणारा पैलवान आधी जोर-बैठका मारून आलेला असायचा, आपण दूध तेवढं धरलं आणि बैठका सोडल्या. आईबाबा कोल्हापुरात होते तेव्हा सकाळी रंकाळ्याला फेरी, मग मंडई, वाटेत चार ओळखीची माणसं, तासभर पाय चालायचे. इथं आले की पोरगा कारनं सोडतो, कारनं आणतो, बाहेर बर्फ, मग दिवसभर सोफा आणि सिरियल आणि चहा. आणि बॅगेतून गूळ, चटणी, लोणचं आलेलं असतंच. सहा महिन्यांत शुगर वाढली की म्हणायचं इथली हवा मानवत नाही! त्यांना आणायच्या आधी कोल्हापुरातच एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बीपी, डोळे तपासून घ्या, गोळ्या पुरेशा आणा, प्रिस्क्रिप्शनसकट, कारण व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजाराला बऱ्याचदा हात लावत नाही.

थंडीत आम्ही काही जण रविवारी सकाळी मॉलमध्ये चालतो, दुकानं उघडायच्या आधी. ज्यांना यायचंय त्यांनी मला नंतर गाठा, पोरांनी आईबाबांना नुसतं दारात सोडून गेलं तरी चालेल, गप्पांना माणसं आहेत आमच्याकडं.