पाच मिलीवॉटने काय होतंय?

मंडळी, तुमच्यात लाइटवाले बरेच आलेत, मंडळांचे कार्यकर्तेही आहेत, म्हणून थेट मुद्द्यावरच येतो. विमान आणि लेसर हा विषय काढला की मला एकच उत्तर मिळतं, की सर, विमान कुठे वर, आपला लेसर एवढासा, तिथपर्यंत काय पोचणार, आणि पोचला तरी डोळा थोडाच जळणार आहे. मी बरीच वर्षं कंट्रोल टॉवरमध्ये काढलीत, रात्री उतरणाऱ्या विमानांशी बोलण्यात, त्यामुळे हे ऐकलं की जीव वरखाली होतो, कारण यातलं अर्धं खरं आहे आणि तेच घात करतं. एवढ्या अंतरावरून पायलटच्या डोळ्याला कायमची इजा झाल्याची उदाहरणं फार विरळ आहेत, मान्य. पण पायलटला दिसेनासं करायला त्याचा डोळा जाळावा लागतच नाही.

आता बघा, लेसरचा किरण बारीक असतो असं आपण धरून चालतो, पण तो पसरतो. साध्या पॉइंटरचा, म्हणजे हातात धरायच्या छोट्या लेसरचा, झोत दर किलोमीटरला साधारण एक मीटर रुंद होतो, म्हणजे भिंतीवर जो बारीक ठिपका दिसतो तो तीन किलोमीटरवर तीन मीटरचा झालेला असतो आणि कॉकपिटच्या पुढच्या काचा त्यात अख्ख्या सापडतात, नेम अचूक लागायची गरजच उरत नाही. त्यात ती काच जाड, अनेक थरांची, वर धूळ, बारीक ओरखडे. पावसात रात्री हायवेला समोरून अप्पर मारलेला ट्रक आला की आपली काच कशी पांढरी होते आणि रस्ता गायब होतो, तसंच होतं, फक्त इथे काच हिरवी होते आणि गायब होतो तो रनवे. खालच्या माणसाला हे कळायला काही मार्गच नाही, त्याला आपली एक सुंदर सरळ रेघ वर गेलेली दिसते.

बरं हिरवाच का, तर त्याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. दिवसा डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला सगळ्यात संवेदनशील असतो, अंधारात तो ५०७ कडे सरकतो, आणि बाजारातला स्वस्त हिरवा लेसर असतो ५३२, दोन्हीच्या मधोमध. तेवढ्याच ताकदीचा लाल लेसर त्यापुढे फिका वाटतो. आणि रात्री उतरणाऱ्या पायलटने कॉकपिटमधले दिवे मुद्दाम मंद केलेले असतात, डोळे अंधाराला सरावलेले असतात, बाहुली मोठी झालेली असते, असा डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ते एका झोतात जातं.

५ मिलीवॉटच्या, म्हणजे वॉटच्या पाच हजारांशांच्या, हिरव्या पॉइंटरने डोळे दिपायचं अंतर साधारण साडेतीनशे मीटर धरतात, आणि लक्ष उडायचं अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ही ५ मिलीवॉटची गोष्ट, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या पॉइंटरवर ५ लिहिलेलं असलं तरी आत ५ असेलच असं अजिबात नाही, कितीतरी जास्त निघतं. ताकद शंभरपट झाली तर ही सगळी अंतरं दहापट होतात. तुमच्या मिरवणुकीतली शार्पी, म्हणजे तो बारीक झोताचा फिरता दिवा, आणि लेसरची मशीन किती वॉटची असतात ते तुम्ही मला सांगा.

आता उतरण्याबद्दल बोलतो, कारण सगळं तिथे अडतं. जेट विमान उतरताना ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असतं, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर. ढगाळ हवेत साध्या आयएलएसवर, म्हणजे रनवेकडे आणणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर, पायलट खाली येतो, आणि जमिनीपासून २०० फुटांवर त्याला ठरवावं लागतं, रनवेचे दिवे दिसले तर उतर, नाही दिसले तर वर जा. तिथून चाकं टेकेपर्यंत पंधरा-सोळा सेकंद उरतात, आणि डोळ्यासमोर जो हिरवा-काळा डाग तरंगत राहतो ना, झोत गेल्यावरही, तो त्याहून जास्त वेळ टिकू शकतो. म्हणून शिकवलेलं असतं की झोताकडे बघू नका, डोळे चोळू नका, आतले दिवे वाढवा, दुसऱ्याला दिसत असेल तर कंट्रोल त्याच्याकडे द्या, शंका आली तर गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, आणि टॉवरला सांगा कुठून आला, कुठला रंग. विमानात दोन पायलट असतात म्हणून बऱ्याचदा निभावतं. हेलिकॉप्टरमध्ये पुष्कळदा एकटाच असतो, तोही खालून उडत असतो, मला त्यांची जास्त काळजी वाटते.

हे नुसतं होऊ शकतं असं नाही, झालेलं आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये लास वेगासला टेकऑफ घेणाऱ्या विमानाच्या को-पायलटच्या डोळ्यात एका लेसर शोचा किरण गेला, त्याला दिसेना, कॅप्टनने विमान सांभाळलं, आणि त्यानंतर तिथल्या उघड्यावरच्या लेसर शोंवर बंदी आली. लक्षात घ्या, तिथे कोणी खोडसाळ पोरगा नव्हता, तुमच्यासारखे धंदेवाईक लोक होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान आयर्लंड ओलांडायच्या सुमाराला मागे फिरलं, कारण निघताना लेसर लागून को-पायलटची तब्येत बिघडली. अमेरिकेत अशा तक्रारी २००५ मध्ये तीनशेच्या आत होत्या, २०१० ला २,८३६, आणि २०२३ ला १३,३०४. तिथे २०१२ पासून विमानावर लेसर मारणं हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंग, ब्रिटनने २०१८ मध्ये तेवढ्याच शिक्षेचा कायदा केला. तरी आकडा एवढा वाढला, म्हणजे नुसत्या शिक्षेने भागत नाही, लोकांना कळायलाच पाहिजे, म्हणून मी असा दारोदार बोलत फिरतो.

आपल्या पुण्यात तर लोहगावचं विमानतळ हवाई दलाचं, तिथेच लढाऊ विमानं आणि तिथेच प्रवासी, आणि रनवेच्या दोन्ही अंगांना वाघोली, विश्रांतवाडी, धानोरी अशी दाट वस्ती, लॉन, मंगल कार्यालयं. पोलीस मनाईचे आदेश काढतात, आणि काही डेकोरेटर तरी बीम वर सोडतातच, कारण लग्नवाल्याला फोटोत आकाशात रेघा पाहिजे असतात. हे मला खरंच सहन होत नाही. आणि जवळून लागला तर तोच किरण डोळ्यातला पडदा जाळतो, मिरवणुकीनंतर डोळ्यात रक्तस्राव होऊन आलेल्या पोरांबद्दल आपल्याकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बंदीची मागणी केलेली आहे.

आंतरराष्ट्रीय नियमात विमानतळाभोवती लेसरचे झोन आखलेले असतात, सगळ्यात आतल्या झोनमध्ये प्रकाश इतका कमी ठेवायचा असतो की पायलटचं लक्षसुद्धा जाऊ नये. मोठा शो करायचाच असेल तर आधी विमानतळाला आणि पोलिसांना विचारा, वेळ, जागा, मशीनची ताकद लेखी द्या, आणि परवानगी मिळाली तरी बीम छताला किंवा भिंतीला अडेल असाच लावा, ऑपरेटर मशीनपाशी उभा पाहिजे, रिमोट देऊन चहाला गेलेला चालणार नाही. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी बोलतो. आणि कुठे कोणी विमानावर मारताना दिसलं तर ११२ ला फोन करा, गच्ची कुठली ते नीट सांगा, कारण वरून पायलटला फक्त दिशा सांगता येते, पत्ता नाही.

चला, आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतले मघापासून हात वर करतायत.