हात कळफलकावरच राहू द्या: वर्डमधले शॉर्टकट आणि मराठी मजकूर

शॉर्टकटची यादी कुठेही मिळते. ती छापून संगणकाशेजारी चिकटवली तरी महिन्याभरात हात पुन्हा माउसकडे जातो. यादीत नुसते बटण दिलेले असते, ते कशावर चालते हे नसते. शिवाय बहुतेक याद्या इंग्रजी टंकणाऱ्यांसाठी केलेल्या आहेत. मराठी टंकणाऱ्याच्या विंडोजमध्ये दोन कळफलक एकत्र नांदतात, आणि आपले अक्षर तुकड्यांनी घडते. या दोन गोष्टी समजल्या तर निम्मे शॉर्टकट आपोआप लक्षात राहतात. आज मायक्रोसॉफ्ट वर्ड, युनिकोड मराठी (जिथे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असतो) आणि इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी एवढ्यापुरतेच बोलू.

अक्षरापासून सुरुवात करू. ‘क्षेत्र’ हा शब्द घ्या. त्यातले ‘क्षे’ आपल्याला एक अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ते चार तुकडे आहेत: क, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), ष आणि मात्रा. बाणाचे बटण या चौघांना एकत्र ओलांडते. डिलीटही समोरून सगळे ‘क्षे’ एका फटक्यात घेऊन जाते. बॅकस्पेस मात्र मागून एकेकच तुकडा काढते. म्हणून ‘मि’ची ‘मी’ करायची असेल तर अक्षर पुसून पुन्हा टंकू नका. कर्सर अक्षरानंतर ठेवा, एकदा बॅकस्पेस द्या, फक्त वेलांटी जाईल, आणि नवी टाका. ऱ्हस्व-दीर्घाची सगळी दुरुस्ती अशी दोन बटणांत होते. मुद्रितशोधनात दिवसभर हेच काम असते, त्यामुळे ही सवय आधी लावून घ्या.

आता शब्द. कंट्रोल धरून बाण दाबला की कर्सर शब्दाशब्दाने सरकतो, सोबत शिफ्ट धरली की शब्द निवडला जातो. कंट्रोल+बॅकस्पेस मागचा अख्खा शब्द काढते. इथपर्यंत सोपे आहे. पण पुष्कळांची तक्रार असते की शब्द निवडता निवडता टंकलेखन अचानक इंग्रजीत जाते, किंवा मराठीचाच दुसरा कळफलक चालू होतो. याचे कारण वर्डमध्ये नाही, विंडोजमध्ये आहे. डावीकडचे आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडले की भाषा बदलते. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून सोडले की त्या भाषेतला कळफलक बदलू शकतो. तुम्ही कंट्रोल+शिफ्ट धरता, बाण दाबायच्या आत विचार बदलतो, बोटे उचलता, आणि विंडोज समजते की तुम्हाला कळफलक बदलायचा आहे. सेटिंग्जमधल्या टायपिंग विभागात कळफलकाच्या प्रगत पर्यायांत जा, तिथे या हॉटकी आहेत, त्या दोन्ही बंद करा. भाषा बदलायला विंडोज+स्पेस पुरेसे आहे.

दुसरे एक कारण वर्डचे स्वतःचे. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथे आजूबाजूच्या मजकुराच्या भाषेप्रमाणे कळफलक आपोआप बदलण्याचा पर्याय असतो. तो चालू असेल तर मराठी परिच्छेदातल्या एखाद्या इंग्रजी शब्दाला कर्सर लागला की कळफलक इंग्रजी होतो. मिश्र मजकूर लिहिणाऱ्याने तो बंद ठेवावा.

कळफलक मराठीवर असताना कंट्रोल+सी, कंट्रोल+व्ही चालतात, कारण विंडोज तिथे अक्षर पाहत नाही, बटण पाहते. अशा कामांना झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारीशेजारची बटणे मिळाली ती १९८३च्या अ‍ॅपल लिसा संगणकापासून, त्यामागे संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांचे काम आहे. मात्र कंट्रोल आणि आल्ट एकत्र आले की गडबड होऊ शकते. ज्या कळफलकात उजव्या आल्टने जादा चिन्हे उमटतात, तिथे विंडोज कंट्रोल+आल्टला उजवे आल्टच मानते. शीर्षकाची शैली देण्यासाठी तुम्ही कंट्रोल+आल्ट+१ दाबता आणि शीर्षकाऐवजी भलताच अंक किंवा चिन्ह उमटते. आधी विंडोज+स्पेस देऊन इंग्रजीवर जा, शैली द्या, परत या.

सजावटीत सर्वात जास्त वेळ दुसरीकडून आणलेल्या मजकुराने जातो. कंट्रोल+व्ही केल्यावर बोटे उचला, नुसते कंट्रोल दाबा, मग टी. फक्त मजकूर राहतो, रंग आणि फॉन्ट गळून पडतात. नव्या वर्डमध्ये कंट्रोल+शिफ्ट+व्ही थेट हेच करते. आधीच चिकटवलेला मजकूर निवडून कंट्रोल+स्पेस दिले की अक्षरांची सजावट जाते, कंट्रोल+क्यू दिले की परिच्छेदाची.

पण इथे एक धोका आहे. मजकूर कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर हे अजिबात करू नका. त्या फाइलमध्ये खरी अक्षरे रोमनच असतात, मराठी चेहरा फक्त फॉन्टचा असतो. फॉन्ट निघाला की पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसू लागतात. घाबरून फाइल बंद करू नका, कंट्रोल+झेड द्या. अशा फाइलमध्ये शिफ्ट+एफ३सुद्धा टाळा. ते लहान-मोठी लिपी बदलते, आणि जुन्या फॉन्टमध्ये लहान एक अक्षर असते तर मोठे वेगळेच. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची ऑटोकरेक्टची सोयही याच कारणाने शब्द बिघडवते.

मराठी शीर्षक मोठे केले, पण त्यातला इंग्रजी शब्द बारीक राहिला, असे झाले तर कंट्रोल+डी दाबा. फॉन्टच्या त्या चौकटीत रोमन मजकुराचा आकार वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा असतो. दोन्ही भरा.

परिच्छेद वरखाली हलवायला कापून चिकटवण्याची गरज नाही. कर्सर त्यात कुठेही असू द्या, आल्ट+शिफ्ट धरून वरचा किंवा खालचा बाण दाबा. नवे पान हवे तर कंट्रोल+एंटर. वीस वेळा एंटर मारून पान बदलले की वर एक ओळ वाढताच सगळे खाली घसरते. शिफ्ट+एंटरने ओळ मोडते, परिच्छेद मोडत नाही, म्हणून दोन्ही कडा जुळवलेल्या मजकुरात त्या ओळीतले चार शब्द पानभर ताणले जातात. ‘डॉ.’ ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीत, हे टाळायला मधली जागा कंट्रोल+शिफ्ट+स्पेसने द्या.

शोधण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. कंट्रोल+एफने ‘दुसऱ्या’ शोधले, पानावर शब्द डोळ्यांना दिसतोय, तरी वर्ड म्हणते सापडला नाही. असे होते कारण हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: एकात खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य, दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारे जोडचिन्ह आणि य. दिसायला दोन्ही सारखेच. संशय आला तर शब्दाच्या शेवटून एकेक बॅकस्पेस देत जा, ‘दुस’च्या पुढे उरतो तो टिंबाचा ऱ आहे की साधा र, हे लगेच कळते. मग कंट्रोल+झेडने शब्द परत आणा. कंट्रोल+एच उघडून पानावरचा चुकीचा तुकडा वरच्या चौकटीत चिकटवा, खालच्या चौकटीत बरोबर रूप टंका. इनस्क्रिप्टमध्ये ते शिफ्ट+जे, मग डी, मग य आणि काना. संपूर्ण पुस्तकात एकच रूप ठेवा, नाहीतर सूची करताना पाने सुटतात.

याच चौकटीत कॅरेट चिन्ह (^) आणि पी म्हणजे परिच्छेदाचा शेवट. वरच्या चौकटीत ही जोडी दोनदा आणि खालच्या चौकटीत एकदा टंकून बदली केली की रिकाम्या ओळी जातात. ओळी संपेपर्यंत ही बदली पुन्हा पुन्हा चालवा. कॅरेट शिफ्ट+६वर असते, पण इनस्क्रिप्टमध्ये तिथे ‘त्र’ उमटतो, तेव्हा आधी इंग्रजीवर जा. शोधाची चौकट बंद केल्यावर शिफ्ट+एफ४ पुढचे ठिकाण दाखवते, आणि शिफ्ट+एफ५ तुम्ही शेवटचा बदल केला होता तिथे परत नेते.

शेवटी लांबलचक पदनामे आणि पत्ते. ‘कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग’ एकदा नीट टंका, निवडा, आल्ट+एफ३ दाबा, ‘काअ’ असे नाव द्या. पुढे ‘काअ’ टंकून एफ३ दाबले की पूर्ण ओळ येते. वर्ड बंद करताना हे बदल साठवायचे का असे विचारले तर हो म्हणा, नाहीतर सगळे जाईल. आणि हा साठा कागदपत्रात नसतो, त्या संगणकातल्या टेम्प्लेटमध्ये असतो. बसायची जागा बदलली, संगणक बदलला, तर तो नव्याने करावा लागतो.