पुरावा पुन्हा वाचताना : घरातल्या खुनांच्या अपिलांबद्दल

मित्रहो, विषय जड आहे. एका घरातली माणसं मारली जातात, सत्र न्यायालय आरोपींना दोषी ठरवतं, फाशी किंवा जन्मठेप देतं आणि प्रकरण अपिलात जातं. तिथे नेमकं काय होतं आणि काय व्हायला हवं, हे मला आज सांगायचं आहे. समोर कायद्याचे विद्यार्थी आहेत तसे कोर्टाशी कधी संबंध न आलेले नागरिकही आहेत, म्हणून कलमांचे आकडे कमी घेईन.

नागपुरात हा विषय परका नाही. सिव्हिल लाइन्समधल्या त्या दगडी इमारतीत बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतली खुनाची अपिलं येतात. ९ जानेवारी १९३६ ला इथे नागपूर उच्च न्यायालय सुरू झालं आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ झालं.

अपील म्हणजे वरच्या कोर्टाकडे दया मागणं, असा लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवरचं पहिलं अपील हा आरोपीचा हक्क आहे आणि त्यात कायद्याबरोबर वस्तुस्थितीही पुन्हा तपासली जाते. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जप्त केलेल्या कपड्यांवरचा सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल), प्रत्येक साक्ष आणि तिची उलटतपासणी, असा सगळा ऐवज पेपर बुकात बांधून न्यायाधीशांसमोर येतो. फाशीची शिक्षा असेल तर उच्च न्यायालयाने पुष्टी दिल्याशिवाय ती अमलात येतच नाही, मग आरोपीने अपील केलेलं असो वा नसो. पुष्टी किमान दोन न्यायाधीशांनी द्यायची असते आणि त्यांच्यात मतभेद झाला तर प्रकरण तिसऱ्यांकडे जातं. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आल्या. खुनाचं ३०२ आता १०३ झालं आणि अपिलाचं ३७४ आता ४१५. आकडे बदलले, पण अपिलाचा हा ढाचा तसाच आहे.

आता माझा मुद्दा. घरातल्या खुनांच्या खटल्यात सगळ्यात मोठा धोका पुराव्याच्या जागी संताप बसण्याचा असतो. लेकरांसकट कुटुंब संपलेलं असतं, गाव पेटलेलं असतं, पोलिसांवर दबाव असतो आणि ज्याला पकडलं तो गुन्हेगारच असं सगळ्यांच्या मनाने घेतलेलं असतं. अशा वेळी पुराव्यात भोक दिसलं तर मन ते आपोआप बुजवतं. माणसाच्या मनाला सुट्या गोष्टी एकमेकींना जुळवून घेण्याची आवड असते आणि एखादा दुवा कमी पडला तर ते तो स्वतःच गृहीत धरतं, असा इशारा जुन्या इंग्लिश न्यायाधीशांनी देऊन ठेवला आहे. तोच इशारा सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली हनुमंत नरगुंदकर खटल्यात उद्धृत केला. ते अपील आपल्याच नागपूर उच्च न्यायालयाच्या निर्णयावरचं होतं. प्रकरण खुनाचं नव्हतंच, सिवनीच्या सरकारी दारूभट्टीच्या निविदेचं होतं. पण परिस्थितिजन्य पुराव्याची, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून जुळवलेल्या पुराव्याची, साखळी कशी पूर्ण असावी, हे देशभर आजही त्याच निकालावरून शिकवलं जातं. पुढे १९८४ मध्ये सारदा खटल्यात त्याची पाच तत्त्वं मांडली गेली. वकील त्यांना पंचशील म्हणतात. ते पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूचं प्रकरण होतं. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं.

चार भिंतींच्या आत खून होतो तेव्हा साक्षीदार कुठून आणायचा, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रास्त प्रश्न आहे. रात्री घरात नवरा-बायको दोघंच, सकाळी बायकोचा मृतदेह आणि गळ्यावर वळ. कायदा इथे हतबल नाही. जी गोष्ट खास आरोपीलाच माहीत असू शकते तिचा खुलासा त्याने करावा, असं पुरावा कायद्याचं कलम १०६ सांगत होतं. नव्या अधिनियमात ते १०९ आहे. २००६ च्या त्रिमुख किरकन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घराच्या आडोशाला झालेल्या गुन्ह्यात सरकार पक्षावरचा भार काहीसा हलका असतो आणि घरातल्या माणसाने गप्प बसून चालत नाही. बायकांच्या छळाची आणि खुनांची प्रकरणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या निकालाचं मोल कळतं. मीही त्याच्या बाजूचा आहे.

पण याच कलमाला मर्यादा घालून दिली ती व्हिव्हियन बोस यांनी. ते आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, मग सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५६ च्या शंभूनाथ मेहरा खटल्यात त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा : या कलमाचा सैल अर्थ लावला तर उद्या प्रत्येक खुनात आरोपीनेच आपण खून केला नाही हे सिद्ध करावं लागेल, कारण त्याच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? तेव्हा आधी सरकार पक्षाने पायाभूत गोष्टी सिद्ध करायच्या. तो त्या रात्री घरात होता का? दार आतून बंद होतं की बाहेरून? घरात आणखी कोण होतं? हे झाल्यावरच खुलाशाची पाळी येते. अपिलात अनेकदा असं दिसतं की आरोपी त्या वेळी घरात होता हे कोणी नीट शाबितच केलेलं नाही, सगळ्यांनी धरून चाललं आहे. नवरा आहे म्हणजे घरीच असणार! शेतावर जागलीला गेला असेल, ऊसतोडीला गेला असेल, याचा तपासच नाही.

एकत्र कुटुंबात आणखी एक प्रकार घडतो. भाऊबंदकीत खून झाला की फिर्यादीत बाप, तीन मुलं, सुना, सगळ्यांची नावं येतात. काठी एकाच्या हातात आणि शिक्षा सगळ्यांनाच. १९५५ च्या पांडुरंग खटल्यात बोस यांनीच फरक दाखवला : पाच जणांच्या मनात वेगवेगळा तोच हेतू असणं आणि पाच जणांनी मिळून एक हेतू ठरवणं या गोष्टी एक नाहीत. हे ठरवणं जागेवरही होऊ शकतं, पण ते झालं याला पुरावा लागतो. म्हणून अपिलात प्रत्येक आरोपीचा पुरावा वेगळा काढून वाचावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण अपील करणाऱ्या वकिलाचं खरं काम हेच.

आता ज्या निकालासाठी मी हा विषय घेतला तो सांगतो. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात एका शेतातल्या झोपडीत पाच जणांचा खून झाला. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. भटक्या जमातीतले सहा गरीब तरुण पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप रद्द करून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. इथे सगळं संपलं असंच कोणीही म्हटलं असतं. त्यांतला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता आणि तेही खूप उशिरा सिद्ध झालं. फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकन याचिका, म्हणजे न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासावा ही विनंती, खुल्या न्यायालयात ऐकावी, असा निर्णय २०१४ मध्ये झाला होता. त्यामुळे दार पुन्हा उघडलं, २०१८ मध्ये जुना निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ ला तीन न्यायाधीशांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं.

कारण काय निघालं? घटनेनंतर थोड्याच दिवसांत त्या वाचलेल्या आईने पोलिसांकडच्या फोटोंच्या अल्बममधून चार माणसं ओळखली होती. ती माणसं वेगळीच होती. सरकार पक्षाने ते पुढे आणलं नाही आणि त्या चौघांचा तपासही केला नाही. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. सुटलेल्यांची जवानी गेली हे तर आहेच. पण मला त्या आईचाही विचार सोडत नाही. तिने सुरुवातीलाच खरं सांगितलं होतं आणि कायद्याने ते बाजूला ठेवलं. चुकीची माणसं पकडली की खरी मोकळी फिरतात. आरोपीच्या बाजूने बोलणं म्हणजे मृतांच्या विरुद्ध बोलणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल वाचावा.

विदर्भात बोलताना खैरलांजी टाळता येत नाही, आणि मला ते टाळायचंही नाही. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, त्यांतल्या सहा जणांना फाशी दिली. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. अॅट्रॉसिटी कायदा सत्र न्यायालयाने लावला नव्हता, तो अपिलातही लागला नाही. फाशी गेली याचं मला दुःख नाही. पण दलित कुटुंबावर तुटून पडलेल्या गर्दीच्या कृत्यात जात दिसली नाही, हे मला आजही पटत नाही. पुरावा काटेकोर वाचायचा तर तो दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. सुरुवातीच्या तपासात जे नोंदलंच नाही ते अपिलात आणायला फार थोडी जागा उरते, आणि त्याची किंमत त्या कुटुंबातल्या वाचलेल्या एकट्या माणसाने मोजली.

म्हणून पीडितांच्या घरच्यांना एक गोष्ट सांगून ठेवतो. ३१ डिसेंबर २००९ पासून त्यांनाही अपिलाचा हक्क आहे. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर ते स्वतः वर जाऊ शकतात. शिक्षा वाढवून मागण्याचं अपील मात्र सरकारनेच करायचं असतं. तुरुंगातल्या माणसाचं उत्पन्न कितीही असो, कोठडीत आहे एवढ्यावरच त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्याचं अपील तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवता येतं. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे, फाशी असेल तर तीस. मुदत उलटली तरी कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो. ओळखीत असं कोणी असेल तर मुदत गेली म्हणून त्याला घरी बसू देऊ नका.